पडद्याची दोरी

"ही दोरी ओढली की पडदा पडतो ना?" तमारा ल्वोव्नांनी विचारलं.

"हो."

"ओढून दाखव."

मी ओढली. मिरजेच्या त्या नाट्यगृहाचा जांभळा पडदा दोन्ही बाजूंनी कुरकुरत आला आणि येताना कैक नाटकांची धूळ घेऊन आला. बाईंना सटासट शिंका आल्या. नाक पुसून त्या म्हणाल्या, "पुन्हा."

पुन्हा ओढली. परत उघडला, परत ओढली. पडदा सांभाळणारा महादबा बाजूला तंबाखू मळत उभा होता. शेवटी न राहवून तो मला म्हणाला, "ताई, बाई नाटकात काम करणार हायत का फिडल वाजवणार हायत?" मी त्याला गप्प केलं, पण खरं सांगायचं तर मलाही तोच प्रश्न पडला होता.

अठ्ठ्याहत्तर सालच्या डिसेंबरातली ही गोष्ट. मी तेव्हा पुण्यात रशियन शिकून दुभाषीचं काम करत होते. सोव्हिएत पाहुणे आले की त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडायचं, त्यांचं बोलणं इकडे आणि आपलं बोलणं तिकडे पोचवायचं, आणि त्यांना रस्त्यावरचा उसाचा रस पिऊ द्यायचा नाही. ट्रॅक्टरवाल्या इंजिनिअरांबरोबर हिंडले, सर्कसवाल्यांबरोबरही हिंडले. सर्कसवाले बरे. त्यांचं काही बिनसलं की ते आरडाओरडा तरी करतात. या बाई काही बोलत नव्हत्या, नुसत्या चालत होत्या. मुंबईत हॉटेलच्या जिन्यावरून खालीवर चालल्या, हैदराबादेत तळ्याकाठी चालल्या, मिरजेत विश्रामगृहाच्या व्हरांड्यात सकाळपासून येरझारा. बसल्या की बोटं चालायची. टेबलावर, खुर्चीच्या हातावर, एकदा तर मोटारीत माझ्या मनगटावर. डाव्या हाताची चार बोटं माझ्या नाडीवर धावत होती आणि बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांच्याबरोबर राहून राहून माझीही झोप उडाली होती.

त्यांचा पूर्वेतिहास मला गेन्नादी पेत्रोविचनी मुंबईतच सांगितला होता. गेन्नादी पेत्रोविच म्हणजे मंडळाचे प्रमुख. थोराड देहाचे, सरकारी चेहऱ्याचे, केळी दिसली की विरघळणारे. तमारा ल्वोव्ना लहानपणापासून वाजवायच्या. विशी ओलांडली आणि मोठी बक्षिसं, मग लंडन, टोकियो, ग्रामोफोनच्या तबकड्या. सरकारच्या संग्रहातलं दोनशे वर्षांपूर्वीचं इटालियन व्हायोलिन त्यांना वाजवायला दिलं. आणि मग एका संध्याकाळी मॉस्कोच्या सगळ्यात मोठ्या सभागृहात, वाजवता वाजवता त्या थांबल्या. तार तुटली नाही की भोवळ आली नाही. नुसत्या थांबल्या, उभ्या राहिल्या आणि निघून गेल्या.

"त्याला आठ वर्षं झाली," गेन्नादी पेत्रोविच केळं सोलत म्हणाले. "तेव्हापासून कारखाने, बंदरं, सैबेरिया. आता इथं. वसंतात ते व्हायोलिन त्यांच्याकडे ठेवायचं का, याचा फेरविचार आहे. माझा अहवाल लागेल."

हे सगळं माझ्या पोटात होतं, म्हणून मी दोरीबद्दल काही विचारत नव्हते. शेवटी त्याच बोलल्या.

"कुंदा, आज तू इथं उभी राहायचंस. या माणसानं नाही, तू. मी वाजवताना थांबले आणि गज खाली केला, की लगेच ओढायची."

"तुम्ही कशाला थांबाल?"

"थांबते मी." मला चहात साखर लागते, असं सांगावं तसं त्या सांगत होत्या. "बोटं पुढं जातात आणि डोकं मागं राहतं. एकदम वाट पुसली जाते. मॉस्कोत मी तशी उभी होते आणि समोर दोन हजार माणसं होती. कुणी खोकलंसुद्धा नाही. ती शांतता मला अजून ऐकू येते. आज ती ऐकायची नाही. त्याआधी पडदा."

"आणि मग?"

"मग काही नाही. मॉस्कोला गेल्यावर व्हायोलिन स्वतः नेऊन देईन. कुणाला मागायला लावणार नाही. पुन्हा लोकांसमोर उभी राहणार नाही." जरा थांबून म्हणाल्या, "मला दुसरं काही येत नाही, कुंदा. साधं सूपही येत नाही."

 आज काय वाजवायचं आहे ते मला ठाऊक होतं. त्यांचा पियानोवाला साथीदार हैदराबादेत पोट बिघडून आडवा झाला होता, आणि तो असता तरी मिरजेत पियानो कुठला? गावातला एकुलता एक पियानो एका शाळेत होता, त्यात उंदरांची पिढ्यान् पिढ्यांची बाळंतपणं झाली होती. तेव्हा एकटीनं वाजवायच्या रचना उरल्या. त्यातली मोठी, पुरी तयार अशी एकच होती. एका जुन्या जर्मन संगीतकाराची, नुसत्या व्हायोलिनची. मॉस्कोत त्या जिच्यात थांबल्या होत्या तीच. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे.

निघण्यापूर्वी विश्रामगृहात त्यांनी आम्हा सगळ्यांना खाली बसवलं. रशियन माणूस प्रवासाला निघताना क्षणभर गुपचूप बसतो. मिरजेतल्या मिरजेत जायचं होतं, पण बाईंना तो प्रवासच वाटत असणार. आम्हाला न्यायला आलेले तात्यासाहेब कुपवाडे दारात उभे होते. त्यांनी विचारलं नाही, पुसलं नाही, टोपी काढून तेही सतरंजीवर टेकले. तात्यासाहेब गावातले जुने वकील, आणि तिथल्या संगीत मंडळाचे सर्वेसर्वा. त्या गावातले लोक कोर्टात त्यांना जितके भीत, त्याहून मैफलीत जास्त भीत, असं म्हणत. त्या संबंध दौऱ्यात बाई तेवढ्याच वेळी स्वस्थ बसलेल्या मी पाहिल्या.

नाट्यगृह भरलं होतं. पुढं गाद्या, त्यावर टोप्या आणि पानाचे डबे. मागं खुर्च्या, बायकांचे स्वेटर, गजरे, मांडीवर पेंगणारी पोरं. पहिल्या गादीवर तात्यासाहेब मांडी घालून बसले होते. त्यांच्या शेजारी गेन्नादी पेत्रोविचना खास खुर्ची दिली होती, आणि कुणीतरी त्यांच्या हातात केळ्यांची फणी ठेवली होती. ती कुठं ठेवावी हे त्यांना कळत नव्हतं.

मी विंगेत दोरी धरून उभी राहिले. महादबा माझ्याकडे असा बघत होता, जशी काही मी त्याची नोकरीच घेतलीय.

बाईंनी गज टेकवला. पहिलाच स्वर असा आला की मागची पोरं दचकून जागी झाली. मला पाश्चात्त्य संगीतातलं ओ का ठो कळत नाही. पण त्या रचनेत एक लहानशी चाल होती, ती पुन्हा पुन्हा परत यायची, दर वेळी नवं लुगडं नेसून. समोरच्या मंडळींना ते लगेच उमगलं. चाल परत आली की गाद्यांवरच्या टोप्या एकदम हलायच्या. आपल्याकडे गवई फिरून फिरून मुखड्यावर येतो तेव्हा हलतात तशाच.

एका हळुवार जागेवर कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "वाहवा."

बाईंची भुवई उडाली. कपाळ माझं. मी बाईंना पाणी उकळून प्यायचं सांगितलं होतं, चपला बाहेर काढायचं सांगितलं होतं, पण इथं लोक मधेच बोलतात हे सांगायचं राहूनच गेलं होतं. त्यांच्याकडे वाजवताना कुणी ब्र काढत नाही. गेन्नादी पेत्रोविचनी मान वळवून त्या माणसाकडे असं पाहिलं की आपल्याकडचा माणूस असता तर उठून गेला असता. पण बाई वाजवत राहिल्या. 

आणि मग ते झालं.

चाल परत आली, त्या पुढं निघाल्या, आणि जिथून निघाल्या तिथंच परत आल्या. मला वाटलं, असेल तसंच. पुन्हा निघाल्या. पुन्हा तिथंच. आता मला त्यांचा चेहरा दिसत होता. रात्री अनोळखी गावात रस्ता चुकलेल्या माणसाचा जसा होतो, तसा. तिसऱ्यांदा त्या वळणावर आल्या, तेव्हा गज जोरात लागला, आणि पहिल्या गादीवरून तात्यासाहेबांचा आवाज आला, "क्या बात है." त्यामागून दुसरा, "वाह बाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई जीव मुठीत धरून वाट शोधतायत आणि हे लोक त्यांची तारीफ करतायत. चौथ्यांदा त्यांनी तिथवर जाऊन पाहिलं. बोटं अडली. त्या थांबल्या.

त्यांनी गज खाली केला आणि माझ्याकडे पाहिलं.

 दोरी हातात होती. मी ओढलीही. पडद्याची कडा विंगेतून हातभर पुढं सरकली असेल, तेवढ्यात तात्यासाहेब बसल्या जागेवरून, अगदी घरच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले,

"घ्या की लावून. सावकाश."

मागून कुणीतरी म्हणालं, "हां, सावकाश होऊ द्या." एकानं पानाचा डबा उघडला. बायका आपापसात बोलू लागल्या. एका पोरानं पाणी मागितलं आणि त्याला मिळालं. ती मॉस्कोची शांतता यायला तिथं जागाच उरली नाही.

बाई माझ्याकडेच बघत होत्या. ओढ, असं डोळ्यांनी सांगत होत्या. माझा हात मात्र दोरीवर थिजला होता. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. मी विंगेतून रशियनमध्ये म्हटलं, "ते म्हणतायत, तारा जुळवून घ्या. घाई नाही."

"तारा जुळलेल्याच आहेत," त्या ओठांतल्या ओठांत म्हणाल्या.

"मग उतरवा आणि परत जुळवा."

मी हे कसं बोलून गेले देव जाणे. एवढ्या मोठ्या बाईला मी, जिला सनईचं तोंड कुठलं ते माहीत नाही. क्षणभर त्या मला मारतील असं वाटलं. मग त्यांनी व्हायोलिन काखेत घेतलं, खुंटी पिरगाळली, चांगली जुळलेली तार उतरवली आणि हळूहळू चढवायला लागल्या. गज अगदी हलका फिरत होता. समोर कुणीही त्यांच्याकडे टक लावून बघत नव्हतं. तात्यासाहेब गेन्नादी पेत्रोविचना खुणेनं केळं खायला सांगत होते, आणि ते बिचारे सोलतही होते. तार जुळली. बाईंनी दुसरी उतरवली, तीही जुळवली. आता त्यांचे खांदे खाली आले होते. डोळे मिटून त्यांनी बोटं नुसती तारांवर ठेवली, गज न लावता, आणि ती बोटं आपली आपण चालू लागली. त्या वळणाशी आली आणि पलीकडे गेली.

बाईंनी डोळे उघडले. गज उचलला. चाल पहिल्यापासून घेतली, आणि शेवटापर्यंत वाजवली.

टाळ्या किती पडल्या ते मी सांगत नाही. तुम्हाला खोटं वाटेल.

मागच्या रंगपटाच्या खोलीत शिरताच त्यांनी मला धरलं. "का नाही ओढलीस? मी सांगितलं होतं. म्हणून तर तुला उभं केलं होतं."

"बाई, सगळं नीट झालं की."

"काय नीट झालं? मी वाट चुकले आणि ते वाहवा म्हणाले. चार वेळा चुकले, चार वेळा वाहवा. मॉस्कोतले लोक निदान अडाणी नव्हते." त्या खोलीत चालायला लागल्या होत्या, आरशापासून दारापर्यंत, दारापासून आरशापर्यंत. "माझं पडणं त्यांना सजावट वाटली. त्यांच्यापुढं कुणीही काहीही वाजवावं. मी व्हायोलिन परत देणार, कुंदा. ठरलं म्हणजे ठरलं. मी थांबले होते. त्यांना कळलं नाही म्हणून ते थांबणं नव्हे का?"

 तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि तात्यासाहेब शाल-नारळ घेऊन आत आले. त्यांनी शाल बाईंच्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला. बाई एका हातात इटालियन व्हायोलिन आणि दुसऱ्या हातात मिरजेचा नारळ घेऊन उभ्या राहिल्या.

"पोरी, बाईंना सांग," तात्यासाहेब मला म्हणाले. "त्यांचं संगीत मला कळत नाही. आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. पण मधे वाट चुकली होती, ते कळलं."

मी बाईंच्या खांद्यावरची शाल नीट करू लागले.

"सांग की."

मी सांगितलं. बाईंचं चालणं थांबलं.

"दुसऱ्या फेरीला शंका आली. तिसऱ्या फेरीला डोळे बघितले आणि खात्री पटली. आमच्याकडं त्या जागेवर भलेभले गवई बसलेत, बाई. भल्याभल्यांची वाट चुकते. मग समोरच्यानं काय करायचं? तोंडाकडं बघत बसायचं? आम्ही सांभाळून घेतो. कुणी वाहवा म्हणतो. कुणी पान पुढं करतो. कुणी म्हणतो, तंबोरा उतरलाय, घ्या की लावून. तंबोरा कुठला उतरतोय? पण तेवढ्यात गवयाला श्वास मिळतो."

मी शब्दन् शब्द सांगत गेले.  सगळ्यांना अडाणी समजणाऱ्यांत मीही होते की.

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?" बाईंनी विचारलं.

"छे. मागच्यांना वाटलं खरंच तार उतरली. पुढच्या दोन गाद्यांना माहीत होतं."

बाई नारळाकडे बघत म्हणाल्या, "मॉस्कोत दोन हजार माणसांना माहीत होतं. त्यांतलं कुणी काही बोललं नाही."

"रसिक नव्हते काय ते?"

"फार मोठे रसिक होते. त्यांना सूरन् सूर पाठ होता."

तात्यासाहेबांनी भाबडेपणानं विचारलं, "पाठ होता? मग पुढचा सांगायचा की."

मी ते रशियनमध्ये सांगितलं आणि बाई हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग डोळ्यांतून पाणी. खाली बसल्या त्या, रंगपेटीवर, नारळ मांडीत धरून, आणि हसता हसता चांगल्या रडल्या. आठ वर्षांचं रडणं होतं ते, त्याला वेळ लागला. तात्यासाहेब दाराकडे तोंड करून उभे राहिले आणि महादबाला पाणी आणायला सांगितलं.

पाण्यामागोमाग गेन्नादी पेत्रोविच आले. चेहरा परत सरकारी झाला होता. "तमारा ल्वोव्ना, मधे काय झालं होतं?"

 तार, असं म्हणा, मी मनात म्हणत होते. तात्यासाहेबांनी हातात आणून दिलेली सबब होती.

बाईंनी डोळे पुसले. "विसरले होते, गेन्नादी पेत्रोविच. मॉस्कोत विसरले तीच जागा. मग सापडली."

 त्यांच्या खिशातून अर्धं केळं बाहेर डोकावत होतं. मग म्हणाले, "अहवालात मी तार लिहीन. हवामान."

"हवामान तर उत्तम आहे."

"मिरजेचं हवामान मॉस्कोत कुणाला माहीत आहे?" असं म्हणून ते निघून गेले.

व्हायोलिन त्यांच्याकडे राहिलं. पण गोष्टीत होतं तसं काही झालं नाही. मॉस्कोच्या त्या सभागृहानं त्यांना पुन्हा कधी बोलावलं नाही. त्या आपल्या लहान लहान गावांतून वाजवत राहिल्या, साठी गाठेपर्यंत. मग नियमाप्रमाणे सरकारनं व्हायोलिन मागून घेतलं आणि त्या व्होल्गाकाठच्या एका शहरात मुलांना शिकवू लागल्या. हे मला कळलं ते नव्वद साली, औषध कंपनीच्या लोकांबरोबर मी रशियात गेले तेव्हा. एक सुट्टी काढून आगगाडीनं त्यांच्याकडे पोचले. केस पांढरेशुभ्र, बोटं मात्र तशीच, जेवणाच्या टेबलावर धावणारी.

"पुन्हा थांबलात कधी?" मी विचारलं.

"चार-पाचदा," त्या सूप वाढत म्हणाल्या. सूप वाईट होतं.

संध्याकाळी त्यांच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम होता. लहानसं सभागृह, ताठ बसलेले आईबाप, टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. लांब वेणीची एक मुलगी आली, तिनं सुरुवात चांगली केली, आणि मग एका वळणाशी गेली, परत आली, पुन्हा गेली, पुन्हा परत आली. मी ओळखलं. तिचा गज खाली आला. समोर कुणी खोकलंसुद्धा नाही. माझ्या मांडीवर माझा उजवा हात मिटला होता, नसलेली दोरी धरल्यासारखा.

तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या तमारा ल्वोव्ना, त्या भरल्या रशियन सभागृहात, स्पष्ट आणि मोठ्या आवाजात, मराठीत म्हणाल्या,

"सावकाश."

पुढच्या रांगेतल्या बायकांनी चमकून मागं पाहिलं. पण दारापाशी रांगेत उभ्या असलेल्या बाकीच्या मुलांपैकी कुणालाच नवल वाटलं नाही. त्यांना तो शब्द पाठ होता, संगीतातलाच एखादा असावा तसा. एकानं तर तो हळूच परत म्हटला.

त्या मुलीनं मान हलवली, व्हायोलिन काखेत घेतलं, आणि जुळलेली तार उतरवायला लागली.